चांगल्या झाडाखाली थांबायचं नाही

आंब्याचा धंदा मी एका म्हाताऱ्या बागवानाकडून शिकलो. पहिल्या दिवशी त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती : चांगल्या झाडाखाली थांबायचं नाही.

आमच्या धंद्यात झाडाला मोहोर असतानाच त्याचा अख्खा बहार विकत घेतात. पुढे वारा सुटला, गारा पडल्या, मोहोर जळाला, तर नुकसान घेणाऱ्याचं. म्हणून माघ लागला की शिवारातून पायी फिरून झाडं बघावी लागतात. आपण बघत असतो तेव्हा झाडाचा मालकही कुठून तरी आपल्याला बघत असतो, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नाही तर अंगणात दात घासता घासता. त्याचं लक्ष आपल्या तोंडाकडे नसतं, पायांकडे असतं. पाय जिथे थांबले तिथे भाव चढला. त्यामुळे जे झाड मोहोराने लगडलं असेल त्याच्याखालून खाली मान घालून निघून जायचं, आणि ज्यात काही दम नाही त्याच्याखाली उभं राहून भरपूर वर बघायचं. बोलायचं तर नाहीच.

हा नियम मी इतका पाळला की तो पायांतच मुरला. सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून मी सुरुवात केली. आता दाराशी स्वतःची गाडी आहे आणि हंगामात सानगडीपासून साकोलीपर्यंतचे आंबेवाले मला विचारल्याशिवाय सौदा करत नाहीत. यात कोणाची मेहेरबानी नाही. पण आयुष्यातला प्रत्येक वसंत मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला, हेही खरं.

मागच्या माघात मात्र मला एका झाडासाठी सरळ नजरेने बघत फिरावं लागलं. ते झाड माझं नाही. ते माझं असायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो.

त्याचं असं झालं. सानगडीच्या बाजारात मी चहा घेत उभा होतो. एक आरामशीनवाला जवळ आला. लाकडं कापायचा त्याचा व्यवसाय, माझी त्याची तोंडओळख.

"शेठ, तुमच्या भावाच्या बोडीवरला आंबा आतून पोकळ आहे का वो?"

"कोण म्हणते?"

"कोणी नाही. मी आपलं विचारून राहिलो. करवत लावल्यावर पोकळ निघाला तर माझी मजुरीबी निघत नाही."

मी कप बशीत ठेवला. "करवत? कायले करवत?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. भावाला बोडीजवळच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याजवळच्या, धानाच्या दोन बांध्या एक करायच्या होत्या. धान कापायचं हार्वेस्टर तिथे वळत नाही, मधे आंबा येतो, आणि त्याच्या सावलीत धान दाणा धरत नाही. "पण भाऊ म्हणाले, झाडाले मोहोर दिसला तर हात नको लावू. नाही दिसला तर परवा सकाळी ये. अजून तर दिसला नाही म्हणतात."

यातलं मोहोराचं मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे मोहोर धरलेल्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. पहिला मोहोर दिसला की घरची बाई बुंध्याला हळदीचं बोट लावते, आणि ते बोट लागलं की आंबे उतरेपर्यंत त्या झाडाला कोणी धारेचं काही लावत नाही. पण त्या झाडाचं मला माहीत होतं. आदल्या वर्षी ते फांद्या वाकेपर्यंत फळलं होतं. असं फळलेलं गावरान झाड पुढच्या वर्षी बहुतेक आराम करतं, मोहोराऐवजी नुसती पालवी काढतं. शिवाय ते जात्याच उशिराचं. बाकी झाडं पिवळी झाली तरी ते आपलं हिरवंच.

म्हणजे त्या झाडाचं मरण-जगणं एका दिवसात दिसणाऱ्या कळीवर होतं, आणि भाऊ मला विचारणार नव्हता. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर तो वहिनीला म्हणायचा, "त्याले म्हणा जेवून जाय," आणि मी वहिनीला म्हणायचो, "त्याले सांगा जेवलो."

हे वाटणीपासूनचं. चार पंच धुऱ्यावर बसले होते. जमिनीचं झालं, बैलांचं झालं, मग आंब्याचं निघालं. मला दुसरं काही नको होतं, तेवढं झाड हवं होतं. पण हवी असलेली वस्तू हवी आहे असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "त्या झाडात काय आहे? एका सालाआड फळते, खोड पोकळ होऊन राहिलं." वाटलं, एवढी हलकी वस्तू आहे तर लहान्याच्या, म्हणजे माझ्या पदरात टाकतील. भाऊ म्हणाला, "मंग राहू द्या माझ्याकडे." पंचांनी माना डोलावल्या आणि झाड गेलं. मी व्यापाऱ्यासारखा बोललो असेन, पण त्याने भावासारखं समजून घ्यायला हवं होतं. मी तिथेच पागोटं आपटून उठलो तो पुन्हा त्याच्या दारात गेलो नाही.

बाजारातल्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गावाकडे निघालो. तलावाच्या पाळीशी मोटारसायकल लावली आणि पायी चालू लागलो. मोटारसायकलचा आवाज भावाच्या शेतापर्यंत जाऊ द्यायचा नव्हता.

पाळीवर ऊन आलं होतं. थंडी होती, पण फक्त सावलीत. उन्हात पाय टाकला की पाठीवर ऊब यायची, सावलीत गेलं की पुन्हा कानाला गार लागायचं. हिवाळा जायला निघाला की असं होतं. तलावात थंडीची पाहुणी आलेली बदकं निम्मी निघून गेली होती. उरलेली काठाशी न येता मधोमध बसली होती, जणू त्यांचंही सामान बांधून झालं होतं. पाणी मागे सरकलं होतं आणि मासे धरणाऱ्या ढिवरांनी शिंगाड्याचे वेल उपसून काठावर टाकले होते. ते वाळून काळे पडले होते आणि त्यांचा ओलसर कुजका वास येत होता. तो वास मला आवडतो, का ते सांगता येणार नाही.

लहानपणी या पाळीवरून आम्ही माय, भाऊ आणि मी बाजाराला जायचो. सानगडीचा बाजार पायीच व्हायचा. परतताना माय पुढे, आम्ही दोघं भांडत मागे. मायला वाचता येत नव्हतं, पण वाटेवरच्या झाडांची तिला बारीक खबर असायची. चालता चालता ती म्हणायची, "मोहानं पानं सोडली रे." किंवा, "सावरीले बोंडं धरली." आम्ही लक्ष द्यायचो नाही. ती आम्हाला सांगतही नव्हती. बाई जशी घरात आलेल्या-गेलेल्याची नोंद घेते तशी ती घ्यायची, बस.

त्या सकाळी मी ती सगळी नोंद तिच्यासारखी घेत गेलो. पाळ उतरून धुऱ्यावर आलो. बांध्यांमध्ये लाखोळीची निळी फुलं सरत आली होती आणि तिच्या चपट्या शेंगा हिरव्या झाल्या होत्या. जवसाच्या निळ्या फुलांची गोल बोंडं झाली होती. हात लावला तर खुळखुळली नाहीत, अजून कच्ची होती. पुढे एका बांधीत उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे हिरवेगार उभे होते. सावरीच्या झाडावर एक पान नव्हतं. काळ्या जाड कळ्या मात्र भोवऱ्यांसारख्या चिकटल्या होत्या.

मग पळस लागला. या दिवसांत पळस काही दिवस कुरूप असतो. पानं फाटकी, फांद्या वाकड्या, आणि टोकांना काळपट मखमली कळ्यांचे घोस, मांजराने नखं आत ओढून घ्यावीत तशा. मी जवळ जाऊन पाहिलं. सगळ्या मिटलेल्या. झाडाला वळसा घालून उन्हाकडच्या अंगाला गेलो, तर खालच्या फांदीवर एक कळी फाटली होती आणि आतून केशरी टोक बाहेर आलं होतं. एकच. मी तिथे उभा राहिलो. पळसाला भाव नसतो, त्यामुळे पळसाखाली मला थांबता येतं.

वारं पडलेलं होतं. दूर कुठे तरी तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक सुरू झालं, भांड्यावर ठोका घातल्यासारखं. तो पक्षी ऊन तापल्याशिवाय बोलत नाही. म्हणजे ऊन तापायला लागलं होतं. एक कोकीळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला. अजून त्याचा गळा सुटला नव्हता.

आणि मग वास आला. आंब्याचा मोहोर दिसण्याआधी त्याचा वास येतो, थोडा गोड, थोडा तिखट. गावच्या पाटलाच्या घरासमोरच्या बांधावरचं ते झाड होतं. त्याच्या आंब्याचा गर पांढरा निघतो म्हणून त्याला सगळे खोबऱ्या म्हणतात. असा आला होता त्याला मोहोर की पानं शोधावी लागत होती. मधमाश्यांचा गुणगुणाट इकडे ऐकू येत होता. मी खाली मान घातली आणि त्याच्याखालून सरळ निघून गेलो.

पुढे गेल्यावर माझं मलाच हसू आलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. सौदा करायचा नव्हता. तरी पाय थांबले नाहीत.

भावाच्या बोडीजवळ आलो तसं मात्र हसू गेलं. आमच्या बोडीचा आंबा दिसू लागला होता, आणि तो हिरवा होता.

हे झाड लावलेलं नव्हतं, उगवलं होतं. म्हणजे मायने कोय पुरली, पण कोणी रोप आणलं नव्हतं. एकदा बाजारातून येताना पुढच्या बंडीतून एक पिकलेला आंबा वाटेत पडला. मी आणि भाऊ एकदमच झेपावलो. बंडीवाल्याने मागे वळून पाहिलं, हसला आणि बैल हाकले. आंबा एक आणि तोंडं दोन. मायने सालीसकट गराचे वाटे केले, आणि कोय एकाला दिली. ती कोणाला दिली यावरून आमचं आजतागायत भांडण आहे. मी म्हणतो, कोय मी चोखली. तो म्हणतो, त्याने. मायला विचारलं की ती म्हणायची, "झाड मोठं होऊ द्या, मंग त्यालेच विचारा."

चोखलेली कोय तिने बोडीच्या काठी मातीत दाबली. पावसाळ्यात तांबडा कोंब वर आला. उन्हाळ्यात ते रोप जगवायला मी आणि भाऊ काठीला घागर अडकवून दोन टोकं धरून पाणी न्यायचो. तो उंच, मी बुटका, म्हणून घागर नेहमी माझ्याकडे घसरायची आणि पाणी माझ्याच अंगावर सांडायचं. तो मागून ओरडायचा, "सांडू नको बे, झाड तहानलं आहे!" झाडाला पहिल्यांदा मोहोर आला तेव्हा मायने बुंध्याला हळदीचं बोट लावलं आणि तेच बोट आम्हा दोघांच्या कपाळाला पुसलं. त्याचे आंबे फार गोड नाहीत. पान चुरडलं तर शेपूच्या भाजीचा वास येतो, म्हणून आम्ही त्याला शेप्या म्हणायचो. लोणच्याला मात्र असा आंबा नाही.

मी खाली जाऊन उभा राहिलो. पूर्वेकडच्या फांद्यांना तांबूस पालवी फुटली होती, मऊ, चकचकीत, लोंबणारी. दिसायला सुंदर आणि माझ्या दृष्टीने वाईट. जिथे पालवी आली तिथे त्या वर्षी मोहोर येत नाही. मी फांदी न फांदी बघत फिरलो. न फुटलेली कळी हाताने ओळखता येते. पानाची कळी बारीक आणि टोकदार असते. मोहोराची बुटकी आणि पोटात फुगलेली असते. खालच्या सगळ्या कळ्या टोकदार होत्या. राग यायला लागला. झाडाचा राग, भावाचा, त्या हार्वेस्टरचा. एवढं पाणी अंगावर सांडून घेतलं आणि तू एक वर्ष धीर धरू शकत नाहीस?

झाडाला पूर्ण वळसा घालून मी बोडीच्या अंगाला आलो. एक जुनी फांदी पाण्यावर वाकली आहे, तिच्यावर दुपारभर ऊन असतं. डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. तिच्या टोकांना काही तरी वेगळं होतं. आधी वाटलं, पालवीच. मग मान आणखी मागे टाकली. बोटाच्या पेराएवढे गुलाबी-हिरवट तुरे वर निघाले होते. एका टोकाला, मग दुसऱ्या, मग पलीकडच्या. त्या एका फांदीभर. पानांच्या गर्दीत ते खालून सहज दिसत नव्हते. एक तुरा उघडायला लागला होता आणि त्याच्यावर मोहरीएवढ्या कळ्यांचे मणी मोकळे झाले होते.

मोहोर मी हजारो झाडांवर पाहिला असेल. पण असा सरळ उभा राहून, मान मागे टाकून, बघण्यासाठी म्हणून कधी पाहिला नव्हता. माझी टोपी खाली पडली ती उचलायचंही सुचलं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाण्यातलं ऊन उलटं होऊन फांदीच्या खालच्या अंगाला हलत होतं.

तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला. तो पलीकडच्या बांधीत धानाच्या तणसाच्या ढिगाला टेकून उभा होता, आणि मोबाइल कानाला लावून त्याच्या सवयीप्रमाणे ओरडून बोलत होता.

"हालो! ये गा. उद्या कायले, आजच ये. हो, करवत घेऊनच ये. नाही, काही नाही झाडात. लहाना येऊन उभा आहे ना खाली. हो, घडीभर झालं, हालून नाही राहिला. म्हणूनच तर म्हणतो, काही नाही झाडात."

पहिल्यांदा मला काही कळेना. मी झाडाखाली उभा आहे आणि म्हणून झाडात काही नाही? मग मला माझाच नियम आठवला.

"थो फोन बंद कर!" मी बांधीतून पळत सुटलो. धानाच्या खुंटांनी पाय खरचटले. "बंद कर म्हणतो ना!"

भावाने फोन कानापासून थोडा लांब धरला. "काहून बोंबलून राहिला?"

वाटणीनंतर वहिनीला मधे न घेता तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य.

"मोहोर आहे झाडाले!"

"आहे तर थांबला काहून मंग? चांगल्या झाडाखाली तू कधी थांबला का जिंदगीत?"

"तुले काय मालूम मी कोठी थांबतो?"

"सारं मालूम आहे. दरसाल इथूनच पाह्यतो तुले. त्या पाटलाच्या खोबऱ्याखालून असा जाते जसा काही बाभळीखालून चालला. अन् महिन्यानं गाडी घेऊन येते."

मला वाटत होतं, दरवर्षी मी या शिवारातून जातो ते माझ्या भावाला ठाऊकही नसेल. मी आणखी जोरात ओरडलो.

"झाड चांगलं आहे!"

"किती चांगलं?"

"चांगलं म्हणजे चांगलं!"

"असं नाही. नीट सांग. यानं करवत गाडीत टाकली आहे."

उभ्या आयुष्यात मी विकणाऱ्यासमोर कोणत्या झाडाची स्तुती केली नव्हती. "या साऱ्या शिवारात असं झाड नाही," मी म्हणालो. "लोणच्याले तर जिल्ह्यात नाही."

"पुन्हा सांग. वारं आहे, ऐकू येत नाही."

वारं अजिबात नव्हतं. आणि फोनमधून आरामशीनवाल्याचा बारीक आवाज आला, "मले ऐकू आलं वो, शेठ."

भावाने त्याला थांब म्हणून सांगितलं, फोन खिशात टाकला आणि माझ्यामागून बोडीवर आला. "कोठी आहे मोहोर?"

"थो काय. पाण्याकडल्या फांदीले."

तो वर बघत राहिला. पण मी बोट दाखवत होतो त्या फांदीकडे नाही, तिच्या बाजूच्या आभाळाकडे.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"अरे, असा समोर—"

"दिसत नाही म्हणलो ना. मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून साऱ्या दुनियेवर दही सांडलं आहे." मग चिडक्या आवाजात, "मोहोर दिसत नाही मले. माणूस उभा आहे का चालून राहिला, एवढं दिसते. म्हणून तुझे पाय पाह्यले."

मी बुंध्यावर चढलो. या वयात चढायला नको होतं, शेतातल्या घराच्या दारातून वहिनी काही ओरडलीही. त्या फांदीची काठाकडली डहाळी धरून वाकवली तशी ती त्याच्या छातीपर्यंत आली. वरूनच वाकून त्याचा हात धरला आणि पानांत घातला. तो हात कधी काळी घागरीच्या काठीचं दुसरं टोक धरायचा. आता त्याचं कातडं बैलाच्या जुन्या जुवासारखं झालं होतं.

"हा का?"

"नाही, थो पानाचा. टोक लागते पाह्य. हा पाह्य."

त्याचं बोट त्या तुऱ्यावर हळूच फिरलं, मण्यांवर थांबलं. त्याने बोट नाकाशी नेलं.

"हं," तो म्हणाला. मग दुसरा तुरा स्वतःच शोधला. मग तिसरा. "हं. आहे गा."

मी खाली उतरलो. दम लागला होता आणि दम लागला की माझा राग वर येतो. "झाड तोडायचं होतं तर मले विचारता येत नव्हतं?"

"बोलत होता का तू?"

"वाटणीत घेतलं काहून मंग, तोडायचंच होतं तर?"

"तूच तर म्हणला, पोकळ आहे. एका सालाआड फळते म्हणला. पोकळ वस्तू लहान्याच्या पदरात कशी टाकू? लोक काय म्हणतील, मोठ्यानं चांगलं चांगलं घेतलं अन् फुटकं भावाले देलं."

त्याच्या चेहऱ्याकडे मी निरखून पाहिलं. माणूस खोटं बोलत असेल तर मला कळतं, तेवढ्यावर माझं घर चाललं आहे. पण त्या दह्यासारख्या डोळ्यांतून काही कळेना. त्याला त्या दिवशी माझा डाव कळला नव्हता, हे मी अजून मान्य केलेलं नाही. आणि कळला असता तरी झाड त्याने मला द्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

वहिनी धापा टाकत आली. "दोघं बी म्हातारे झाले अन् माकडावानी झाडावर चढून राहिले! पडले असते म्हणजे?"

"हळद आण," भाऊ म्हणाला.

"काय लागलं? कोणाले लागलं?"

"कोणाले नाही लागलं. झाडाले मोहोर आला."

ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग घराकडे वळली आणि वाटीत हळद कालवून घेऊन आली. मायच्या मागे बुंध्याला बोट लावायचा मान तिचा. पण भावाने तिला थांबवलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. "तू लाव. मोहोर तुले दिसला." मी लावलं. हळद ओली होती, ओघळ खाली आला. त्याने खिशातून फोन काढून आरामशीनवाल्याला सांगितलं की आंबे उतरेपर्यंत इकडे फिरकू नको, आणि नंतरचं नंतर पाहू.

नंतरचं नंतर. म्हणजे झाड कायमचं वाचलं असं नाही. दोन बांध्यांच्या मधे ते अजून उभं आहे आणि हार्वेस्टर अजून वळत नाही.

मी निघताना विचारलं, "बहार कोणाले देशीन?"

"जो जास्त देईन त्याले."

"एकाच फांदीले आहे मोहोर. बाकी नुसती पालवी. तुडतुडा लागला तर तेबी गळून—"

"आता नको बोलू," तो म्हणाला. पहिल्यांदा हसला, दात कमी झाले होते त्याचे. "जिल्ह्यात असं झाड नाही म्हणला ना तू? साक्षीदार आहे माझ्याकडे, फोनवरला."

वहिनीने तोंडावर पदर धरला. मी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. धुऱ्यावर पाय टाकतो तोच मागून तो ओरडला, "अन् कोय मीच चोखली होती!"

"मी!" मी मागे न वळता म्हणालो.

परत येताना ऊन चांगलं तापलं होतं. तांबट आता थांबायचं नाव घेत नव्हता. पाटलाच्या खोबऱ्याजवळ आलो. खाली मान घालून पाय पुढे निघालेच होते, पण मी त्यांना थांबवलं. झाडाखाली उभा राहिलो आणि वर पाहिलं. पिवळा मोहोर, मधमाश्या, आणि फांद्यांच्या फटीतून दिसणारं कोवळं आभाळ. मायची आठवण आली. ती असती तर काही म्हणाली नसती, नुसती नोंद घेतली असती.

समोरच्या घराच्या अंगणातून पाटील लगबगीने बाहेर आला. धोतर सावरत, एक पाय चपलेत, एक नुसताच.

"काय झालं वो शेठ?" तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. "थांबले काहून? कीड लागली का माझ्या झाडाले?"